टिकाऊ मोटारी आणि टाकाऊ अर्थकारण

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून ‘प्रीमियर पद्मिनी’ ही काळी-पिवळी टॅक्सी अधिकृतरीत्या नाहीशी झाली. या जातीची शेवटची टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, आणि मुंबईत टॅक्सीच्या वयाला वीस वर्षांची मर्यादा असल्याने तिची मुदत त्या दिवशी संपली. वृत्तपत्रांनी हळवे मृत्युलेख लिहिले, छायाचित्रे छापली. एखादी तरी गाडी संग्रहालयात जतन करावी अशा मागण्याही झाल्या. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या आणि मुंबईकरांच्या किमान तीन पिढ्यांना वाहून नेणाऱ्या या गाडीविषयी एवढा जिव्हाळा वाटावा हे स्वाभाविकच होते.

एक साधा प्रश्न मात्र त्या दिवशी फारसा कोणी विचारला नाही. ही गाडी निकालात निघाली ती कोणत्या कसोटीवर? तिचे इंजिन बंद पडले, ब्रेक निकामी झाले किंवा धुराच्या तपासणीत ती नापास झाली, यांपैकी काहीही सिद्ध करण्याची गरज नव्हती. तिची वीस वर्षे भरली, एवढे पुरेसे होते. ही मर्यादाही काही निसर्गनियमाने आलेली नाही. २००८ मध्ये ती पंचवीस वर्षांची होती, २०१३ मध्ये वीसवर आणली गेली. यंत्राचे आयुष्य किती हे ठरविण्याचा अधिकार ते वापरणाऱ्या श्रमिकाला असावा, ते विकणाऱ्या कारखानदाराला असावा, की दिनदर्शिका हाती घेतलेल्या सरकारला असावा, हा प्रश्न वरवर पाहता तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो अर्थशास्त्राचा आहे आणि म्हणूनच राजकारणाचाही आहे.

दीर्घायुष्याचे गमक

मोटारगाडी किती चालू शकते याची दोन उदाहरणे जगप्रसिद्ध आहेत. न्यूयॉर्क राज्यातील आयर्व्ह गॉर्डन या विज्ञानशिक्षकाने १९६६ मध्ये व्होल्वो कंपनीची पी १८०० जातीची गाडी विकत घेतली. रोज कामावर जाण्यायेण्यासाठी आणि सुट्टीत भटकण्यासाठी ते तीच एक गाडी वापरीत राहिले. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये अलास्कातील रस्त्यावर तिने तीस लाख मैल, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर पूर्ण केले. २०१८ मध्ये गॉर्डन वारले तेव्हाही गाडी चालू स्थितीत होती. दुसरे उदाहरण ग्रीसमधले. ग्रेगोरिओस साखिनिदिस या टॅक्सीचालकाने मर्सिडीझ-बेंझची २४० डी ही डिझेलगाडी ४६ लाख किलोमीटर चालविली आणि २००४ मध्ये ती कंपनीच्या संग्रहालयाला दिली. टॅक्सीची इंजिने या प्रवासात अनेकदा बदलली गेली, शिक्षकाचे इंजिनही खोलून नव्याने बांधावे लागले. म्हणून या कथांत चमत्कार शोधू नये. गाडी हा सुट्या भागांचा समूह आहे आणि झिजलेला भाग बदलता आला तर समूहाचे आयुष्य वाढत जाते, एवढाच त्यांचा अर्थ आहे.

या दीर्घायुष्याला तीन गोष्टी कारण होतात. पहिली, मूळ बांधणी. ओतीव लोखंडाचे जाड इंजिन, त्याच्या ताकदीच्या मानाने त्याच्याकडून घेतले जाणारे माफक काम, आणि एकमेकांपासून सहज सुटे होणारे भाग, ही जुन्या डिझेल टॅक्सीची वैशिष्ट्ये होती. दुसरी गोष्ट देखभाल. ठरलेल्या अंतरावर इंजिनातले तेल बदलणे हे काम इतके साधे आहे की त्याचे महत्त्व कोणाला पटत नाही. पण जगातील बहुसंख्य दीर्घायुषी गाड्यांचे गमक या कंटाळवाण्या नेमातच आहे. तिसरी गोष्ट वापराची रीत, आणि हिचा विचार धोरणकर्ते कधीच करीत नाहीत. इंजिन सर्वांत अधिक झिजते ते थंड असताना सुरू होते तेव्हा. रात्रभर उभ्या गाडीतले तेल खाली उतरलेले असते. त्याचा थर पुन्हा सर्वत्र पसरेपर्यंत धातू धातूवर घासतो. ज्या गाडीच्या फेऱ्या दोन-तीन किलोमीटरच्या असतात तिचे इंजिन पुरते तापतच नाही, पाण्याचा आणि इंधनाचा अंश तेलात मिसळतो आणि ते तेल लौकर खराब होते. उलट, दोन पाळ्यांत अखंड धावणारी टॅक्सी किंवा लांबच्या रस्त्याने जाणारी गाडी किलोमीटरच्या मानाने पुष्कळ कमी झिजते.

तेव्हा पाच लाख किलोमीटर चाललेली नीट राखलेली टॅक्सी सशक्त असू शकते आणि बंगल्याच्या आवारात उभी राहून गंजलेली, पन्नास हजार किलोमीटरची गाडी जर्जर असू शकते. जन्मतारखेवरून यांतली कोणती टाकायची हे सांगता येत नाही.

टिकाऊपणाचे भय

टिकाऊ गाडी बनविणे मानवी बुद्धीला जर शक्य आहे, तर सगळ्याच गाड्या तशा का नसतात? याचे उत्तर धातुशास्त्रात सापडणार नाही. ते बाजारपेठेच्या इतिहासात आहे.

हेन्री फोर्डने १९०८ मध्ये ‘मॉडेल टी’ बाजारात आणली. एकच नमुना, साधी रचना, उत्तम पोलाद आणि शेतकऱ्यालाही घरच्या अवजारांनी दुरुस्त करता येईल अशी बांधणी. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या तयार झाल्या, आणि सुरुवातीला ८५० डॉलर असलेली किंमत तीनशे डॉलरच्या खाली उतरली. फोर्ड काही समाजवादी नव्हता. कामगार संघटनांचा तो कट्टर वैरी होता. परंतु त्याच्या गाडीत उपयोगमूल्याची बूज होती हे मान्य करावे लागते.

याच यशातून कारखानदारीपुढे पेच उभा राहिला. ज्यांना गाडी घेणे परवडते त्यांनी ती घेतली आणि ती बिघडेनाच, तर पुढची गाडी विकायची कोणाला? १९२३ मध्ये जनरल मोटर्सचे अध्यक्ष झालेल्या आल्फ्रेड स्लोन यांनी या पेचावर तोडगा काढला. दरवर्षी गाडीचे रूप बदलायचे, उत्पन्नाच्या प्रत्येक पायरीला वेगळी गाडी ठेवायची आणि हातातली गाडी चांगली चालत असूनही ती जुनी झाली अशी रुखरुख ग्राहकाच्या मनाला लावायची. हप्त्यांवर गाडी देणारी वित्तसंस्था कंपनीने १९१९ मध्येच काढली होती; रंग-रूपासाठी स्वतंत्र विभाग १९२७ मध्ये निघाला. त्याच वर्षी फोर्डला मॉडेल टी बंद करावी लागली. एका टिकाऊ यंत्राचा हा पराभव यांत्रिक दोषामुळे झालेला नाही. हप्ता, जाहिरात आणि हेवा यांनी मिळून तो घडवून आणला.

अर्थशास्त्रज्ञांनी या गोष्टीला पुढे तात्त्विक रूप दिले. रोनाल्ड कोस यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले की टिकाऊ वस्तू विकणाऱ्या मक्तेदाराचा खरा प्रतिस्पर्धी त्याने स्वतःच काल विकलेला माल हा असतो. या स्पर्धेतून सुटण्याचे मार्गही त्यांनी सांगितले: वस्तू विकण्याऐवजी भाड्याने द्यावी किंवा ती मुळातच कमी टिकाऊ करावी. यातला दुसरा मार्ग व्यवहाराला कधीच ठाऊक झालेला होता. विजेचे दिवे बनविणाऱ्या बड्या कंपन्यांनी १९२४ मध्ये जिनीव्हात संघ स्थापन करून दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणून ठेवले होते आणि अधिक टिकणारा दिवा बनविणाऱ्या सभासदाला दंड ठोठावला होता. व्हान्स पॅकार्ड या अमेरिकन लेखकाने १९६० मध्ये या साऱ्या नियोजित नासाडीचा पंचनामा केला, तेव्हा तेथील उद्योगपतींना तो भलताच झोंबला. त्या काळच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांवरचा मैल मोजणारा आकडा पाच अंकी असे. एक लाख मैल पूर्ण होताच तो पुन्हा शून्यावर येई. गाडी त्यापुढे जाईल अशी तिच्या कर्त्यालाच फारशी अपेक्षा नव्हती, याची ही कबुलीच म्हणायची.

कामगाराचा हात

हे चित्र बदलले ते १९७३ च्या तेलसंकटानंतर. कमी तेल पिणाऱ्या आणि कमी बिघडणाऱ्या जपानी गाड्यांनी अमेरिकन बाजारात मुसंडी मारली. शिसेविरहित पेट्रोल, जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे, इंधनाचे अचूक मोजमाप करणारी यंत्रणा आणि सुधारलेली तेले यांचीही भर पडली. १९७० च्या सुमारास अमेरिकेच्या रस्त्यांवरील मोटारीचे सरासरी वय साडेपाच-सहा वर्षे होते. २०२४ मध्ये ते साडेबारा वर्षांच्या पुढे गेले आहे. म्हणजे स्पर्धेचा रेटा आला की टिकाऊ गाडी बनविता येते, हे भांडवलशाहीनेच सिद्ध केले. या जमेच्या बाजूची नोंद प्रामाणिकपणे केली पाहिजे.

परंतु या कथेतला एक अध्याय फारसा सांगितला जात नाही. कॅलिफोर्नियातील फ्रीमॉंट येथला जनरल मोटर्सचा कारखाना निकृष्ट मालासाठी आणि गैरहजेरीसाठी इतका बदनाम होता की १९८२ मध्ये कंपनीने तो बंद केला. दोष अर्थातच कामगारांवर आणि त्यांच्या संघटनेवर टाकण्यात आला. १९८४ मध्ये तोच कारखाना टोयोटाच्या भागीदारीत पुन्हा सुरू झाला. बहुसंख्य कामगार जुनेच होते, संघटनाही तीच होती. बदलली होती ती कामाची व्यवस्था. दोष दिसताच दोरी ओढून संपूर्ण साखळी थांबविण्याचा अधिकार साध्या कामगाराला मिळाला. पूर्वी तसे करणे हा गुन्हा मानला जाई आणि सदोष गाडी पुढे ढकलणे हीच शिस्त होती. थोड्याच काळात तेथून निघणाऱ्या गाड्यांची गणना उत्तम गाड्यांत होऊ लागली.

टोयोटाची व्यवस्था म्हणजे श्रमिकांचे स्वर्गराज्य नव्हे. तिच्यातील कामाचा वेग आणि ताण यांवर जपानमध्येही टीका झाली आहे. तरी फ्रीमॉंटचा धडा स्पष्ट आहे. गाडीचा टिकाऊपणा तिच्या कर्त्याच्या प्रतिष्ठेशी बांधलेला असतो. ज्याला चूक दिसते पण थांबण्याची सोय नाही, असा कामगार टिकाऊ वस्तू बनवू शकत नाही. आज आपल्या मोटार कारखान्यांत कायम कामगारांच्या शेजारी उभे राहून तेच काम कमी वेतनात करणारे कंत्राटी तरुण आहेत. उद्या आपली नोकरी राहील की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो साखळी थांबविण्याचे धैर्य कोठून आणणार?

टंचाईतला टिकाऊपणा

आपल्या देशात मोटारी दीर्घकाळ चालल्या त्याची कारणे वेगळी होती, आणि त्यांचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. परवाना पद्धतीच्या काळात ग्राहकापुढे दोन-तीनच गाड्या असत. इटालियन फियाट ११०० वरून घेतलेली, पुढे पद्मिनी म्हणून ओळखली गेलेली मुंबईची गाडी, आणि ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली, उत्तरपाड्याला १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत तयार होत राहिलेली अॅम्बॅसॅडर. वर्षानुवर्षे ग्राहक यादीत ताटकळत राहत आणि मालाचा दर्जा सुमारच असे. मक्तेदार संरक्षित असला की त्याला सुधारणेची निकड राहत नाही. सार्वजनिक हिताच्या नावाने दिलेल्या संरक्षणाचा फायदा खाजगी कारखानदारांनी उपटला, ही टीका समाजवाद्यांनीच आधी करायला हवी होती.

क्यूबाचे उदाहरणही असेच सावधपणे घ्यावे लागते. क्रांतीनंतर अमेरिकन गाड्यांची आयात थांबली, १९६२ मध्ये पूर्ण नाकेबंदी आली आणि १९५० च्या दशकातल्या गाड्या तेथे अजूनही धावताना दिसतात. कोणात सोव्हिएत गाडीचे इंजिन बसविलेले असते, कोणात डिझेलचे. परदेशी प्रवाशांना त्याचे कौतुक वाटते. त्या गाडीवर पोट भरणाऱ्याला मात्र तिचा एखादा भाग मिळविण्यासाठी काय यातायात करावी लागते हे त्याचे त्यालाच माहीत. टंचाईने लादलेला टिकाऊपणा आणि विचारपूर्वक निर्माण केलेला टिकाऊपणा एक नव्हेत.

तथापि त्या टंचाईच्या काळात एक मौल्यवान गोष्ट निर्माण झाली, ती म्हणजे दुरुस्तीचे लोकविज्ञान. पद्मिनीचे १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन इतके उघड आणि सुटसुटीत होते की झाडाखाली बसून फिटर ते खोलू शके. सिलिंडर पुन्हा बोअर करणे, नव्या रिंगा घालणे, क्लच प्लेट बदलणे ही कामे कुर्ल्याच्या सी.एस.टी. रस्त्यावर, पुण्याच्या नाना पेठेच्या परिसरात आणि प्रत्येक तालुक्याच्या स्टँडजवळ होत. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत उच्च न्यायालयाच्या आदेशाने मुंबईतील जुन्या टॅक्सींना सी.एन.जी.वर यावे लागले, तेव्हा त्या चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या आराखड्याच्या इंजिनानेही हा बदल पचविला. शाळा अर्धवट सोडलेला मुलगा अशा गॅरेजात पाने देता देता दहा वर्षांत मिस्त्री होई. ही विद्या कोणत्याही विद्यापीठाने दिली नाही. तिची नोंद राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात धडपणे झाली नाही. पण देशातील हजारो कोटींचे भांडवल तिने जिवंत ठेवले.

कुलूपबंद मोटार

आजची गाडी बांधणीने अधिक टिकाऊ आहे. तिच्या दुरुस्तीला मात्र कुलूप लागले आहे. इंजिनाचा दोष शोधण्यासाठी संगणकीय उपकरण लागते, ते उपकरण आणि त्याची सांकेतिक माहिती कंपनीच्या ताब्यात असते, आणि सुटे भाग अधिकृत केंद्रातूनच मिळतात. बाहेरच्या मिस्त्रीने हात लावला की हमी रद्द होते.

हा कोणा असंतुष्ट ग्राहकाचा कांगावा नव्हे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी दिलेल्या आदेशात देशातील चौदा मोटार कंपन्यांना याच वर्तनासाठी दोषी धरले होते. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना नाकारून या कंपन्यांनी आपल्या वर्चस्वाचा गैरवापर केला, असा आयोगाचा निष्कर्ष होता, आणि त्यांना एकूण सुमारे २५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावण्यात आला. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळले. दरम्यान अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतदारांनी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये जनमताने दुरुस्तीचा हक्क कायद्यात आणला. आपल्या केंद्र सरकारने २०२२ मध्ये या विषयावर एक समिती नेमली, संकेतस्थळ काढले. मात्र कंपन्यांवर बंधनकारक असा कायदा करण्याइतकी तातडी दाखविली नाही. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत हलणारे भाग कमी, त्यामुळे झीजही कमी. परंतु त्यांची बॅटरी आणि संगणकीय आज्ञावली जर कंपनीच्याच मुठीत राहिली, तर त्या टिकाऊ यंत्रालाही अकाली मरण येईल.

वयाची फूटपट्टी

या पार्श्वभूमीवर सरकारच्या भंगार धोरणाकडे पाहिले पाहिजे. ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय धोरणात खाजगी गाडीची वीस वर्षांनंतर आणि व्यापारी वाहनाची पंधरा वर्षांनंतर स्वयंचलित केंद्रात तपासणी व्हावी, नापास होईल ती भंगारात जावी, अशी कल्पना आहे. कागदावर ही कसोटी प्रकृतीची आहे, वयाची नाही. पण एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर नेण्यात आले. तपासणीत उत्तीर्ण होणाऱ्या गाडीलाही केवळ जुनी असल्याचा हा दंड आहे.

दिल्ली परिसरात तर उघडउघड वयाची फूटपट्टी लावली गेली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना बंदी केली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच देऊ नये असा हुकूम अंमलात आला आणि लोकक्षोभामुळे तो काही दिवसांतच स्थगित करावा लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या आधारे मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले, आणि डिसेंबरमध्ये हे संरक्षण ‘भारत टप्पा चार’ व त्यापुढील मानकांच्या गाड्यांपुरते मर्यादित केले. म्हणजे दहा वर्षांच्या ओढाताणीनंतर गाडी किती जुनी यापेक्षा ती किती धूर सोडते या प्रश्नाकडे गाडे वळू लागले आहे. हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारता आला असता.

येथे प्रदूषणाचा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. जुन्या मानकांची डिझेलगाडी नव्या गाडीच्या अनेकपट विषारी कण सोडते आणि तो धूर सर्वांत अधिक खातो तो फुटपाथवरचा आणि झोपडपट्टीतला माणूस. श्रमिकांच्या नावाने धुराचे समर्थन करता येणार नाही. मोटारीच्या एकूण आयुष्यातील कर्बवायूंपैकी मोठा वाटा ती बनविताना नव्हे तर इंधन जाळताना बाहेर पडतो, हेही खरे आहे. म्हणून जी गाडी धुराच्या कसोटीला उतरत नाही आणि उतरविता येत नाही तिला निरोप दिलाच पाहिजे. मात्र कसोटी खरी असली पाहिजे. रस्त्याकडेच्या पी.यू.सी. केंद्रात सूक्ष्म कण मोजलेच जात नाहीत. शिवाय वर्षाला तीन हजार किलोमीटर चालणारी जुनी पेट्रोलगाडी आणि साठ हजार किलोमीटर धावणारी नवी मोठी डिझेलगाडी यांत शहराच्या हवेवर अधिक भार कोणाचा, याचा हिशेब वयाची फूटपट्टी करीत नाही. दिल्लीतून हद्दपार झालेली गाडी ना-हरकत पत्र घेऊन दुसऱ्या राज्यात जाते, तेव्हा तिचा धूर नाहीसा होत नाही. तो गरीब गावाच्या वाट्याला येतो.

या धोरणाचा आर्थिक भार कोणावर पडतो हेही पाहावे. समजा, एका गाडीची किंमत दहा लाख रुपये आहे. ती दीड लाख किलोमीटरनंतर टाकली तर भांडवली खर्च किलोमीटरमागे सहा रुपये सदुसष्ट पैसे पडतो. तीच गाडी दुरुस्तीवर आणखी दीड लाख रुपये खर्चून तीन लाख किलोमीटर चालविली, तर हा खर्च तीन रुपये त्र्याऐंशी पैशांवर येतो. वाचलेले पावणेतीन-तीन रुपये टॅक्सीचालकाच्या संसारात जातात आणि दुरुस्तीचे दीड लाख गावातल्या मिस्त्री, रंगारी, टर्नर यांच्यात वाटले जातात. गाडी लौकर टाकली तर हीच रक्कम कारखाना आणि कर्ज देणारी वित्तसंस्था यांच्याकडे वळते. श्रीमंताला याची झळ लागत नाही, कारण तो पाच वर्षांत गाडी बदलतोच. झळ लागते ती तिसऱ्या आणि चौथ्या हाताने गाडी घेणाऱ्याला. ती त्याच्यासाठी मिरविण्याची वस्तू नसते. भाजी, रुग्ण, शाळेची मुले वाहून नेण्याचे ते उत्पादनाचे साधन असते. भंगाराच्या मोबदल्यात नव्या गाडीवर मिळणारी करसवलत त्याच्या कामाची नाही, कारण नवी गाडी घेण्याची ऐपतच त्याला नसते.

गाड्या फार टिकल्या तर कारखान्यांतील रोजगार बुडेल, असाही एक युक्तिवाद होतो. फुटलेल्या खिडकीने काचवाल्याला काम मिळते, म्हणून खिडक्या फोडत सुटावे, असे कोणी म्हणत नाही. दुरुस्ती हा कारखान्यापेक्षा अधिक माणसे लागणारा आणि देशभर विखुरलेला व्यवसाय आहे. यंत्रमानवांनी भरलेल्या कारखान्याला करसवलती देणाऱ्या सरकारने तालुक्याच्या गॅरेजाला निदान ज्ञानाचा दरवाजा तरी उघडून द्यावा.

मागण्या

या विवेचनातून काही ठोस मागण्या निघतात. पहिली, वाहनाची पात्रता वयावर न ठरविता धूर आणि सुरक्षितता यांच्या प्रत्यक्ष मोजमापावर ठरवावी, आणि ही तपासणी सार्वजनिक, माफक दराची व भ्रष्टाचारमुक्त असावी. दुसरी, दुरुस्तीचा हक्क कायद्याने द्यावा. निदानाची साधने, माहितीपुस्तिका आणि सुटे भाग वाजवी दराने खुल्या बाजारात मिळाले पाहिजेत, आणि एखाद्या नमुन्याचे उत्पादन थांबल्यावरही ठरावीक वर्षे ते भाग पुरविण्याचे बंधन कंपनीवर असले पाहिजे. तिसरी, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून गॅरेजमधील मिस्त्रींना नव्या इंजिनांचे आणि विजेच्या गाड्यांचे शिक्षण मिळावे. चौथी, ज्या चालकाची गाडी सार्वजनिक हितासाठी काढून घेतली जाते त्याला शासनाने अल्प व्याजाचे कर्ज आणि खरी भरपाई द्यावी. हवा शुद्ध करण्याचा खर्च सर्वांत दुबळ्या खांद्यावर टाकणे हा न्याय नव्हे.

अर्थात टिकाऊ खाजगी मोटार हे समाजाचे अंतिम ध्येय होऊ शकत नाही. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एस.टी. धावली आणि पुढे दापोडी, चिकलठाणा, हिंगणा येथील कार्यशाळांत महामंडळाच्या कामगारांनी सांगाड्यांवर गाड्या बांधल्या, खोलल्या, पुन्हा बांधल्या. खड्ड्यांच्या रस्त्यांवर, टपावर ओझे घेऊन, काही लाख किलोमीटर धावणारी लाल बस हे या राज्यातील दीर्घायुषी वाहनाचे सर्वांत मोठे उदाहरण आहे, आणि तिच्यामागे नफ्याची प्रेरणा नव्हती. आगारातील ठरलेली देखभाल आणि स्वतःची कार्यशाळा हे तिचे बळ होते. आज ही कार्यशाळा दुर्लक्षित ठेवायची, सुट्या भागांसाठी पैसा द्यायचा नाही, गाडी घाटात बंद पडली की सार्वजनिक व्यवस्थेला नावे ठेवायची आणि मग खाजगी भाड्याच्या बसगाड्या आणायच्या, हा क्रम लोकांच्या लक्षात आला पाहिजे. टॅक्सीचालकाची जुनी गाडी आणि दापोडीची कार्यशाळा यांचा प्रश्न एकच आहे: देशात निर्माण झालेली साधनसंपत्ती जपणाऱ्या हातांना धोरणात स्थान मिळणार की नाही. भंगार धोरणाचा पुढचा मसुदा तयार होईल तेव्हा मोटार कंपन्यांचे प्रतिनिधी दालनात असतीलच. टॅक्सीचालकांच्या, एस.टी. कामगारांच्या आणि गॅरेज मिस्त्रींच्या संघटनांनी त्या दालनात आपली खुर्ची आतापासूनच मागितली पाहिजे.